मदतीच्या टेम्पोत हलगी न्यायची का नाही?

सीनेचा_गाळ :
नमस्कार मंडळी, हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं, कसं मांडावं कळत नव्हतं म्हणून राहून गेलं. आम्ही सोलापुरातली अकरा जणं, दोघं कॉलेजात, एकजण टॉवेलच्या कारखान्यात, एकजण नर्सिंग करतीये, बाकी नोकरीवाले, गेली चार वर्षं पथनाट्य करतोय. संस्था वगैरे काही नाही, रविवारी जमायचं आणि वस्तीत जाऊन नाटक करायचं. २०२५च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला, लांबोटीपाशी पुणे हायवे बंद झाला, तिकडं विजापूरचा रस्ता पाण्याखाली, माढा मोहोळ करमाळ्याकडची गावं पाण्यात, मग नाटक बाजूला ठेवून आम्ही किट भरायला बसलो. दोन फेऱ्या नीट झाल्या. तिसऱ्या फेरीला आमच्यातली एकजण म्हणाली की लोकं शाळेत नुसती सुन्न बसलीयेत, पोरं पण बोलत नाहीत, हलगी घेऊन जाऊ, दोन गाणी म्हणू, पोरांचे खेळ घेऊ. सगळ्यांना पटलं. गावात टेम्पो थांबला आणि पोती उतरवायच्या आधी मी हलगी खाली घेतली, हे माझं चुकलं, कारण शाळेच्या वरांड्यातनं एक काका उठून आले आणि म्हणाले, "आमचं समदं वाहून गेलं आणि तुम्ही वाजवत आलाय व्हय?" एवढंच बोलले आणि परत जाऊन बसले. आम्ही किट वाटले, हलगी चादरीत गुंडाळून ठेवली आणि परत आलो, टेम्पोत कोण कुणाशी बोललं नाही.

तेव्हापासून आमच्यात दोन गट पडलेत. एक म्हणतो मदत ती मदत, नाटक ते नाटक, एकत्र करायचंच नाही. दुसरा म्हणतो धान्यानं महिना निघतो पण यादीत कुणाचं नाव येतं कुणाचं सुटतं, बायकांना कोण विचारतं का, हे सगळं आहे तिथंच राहतं, आणि ते हलवायला आपल्याकडं नाटकाशिवाय दुसरं आहे काय. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. ज्यांनी हे काम केलंय किंवा ज्यांनी मदत घेतलीये त्यांनी लिहा प्लीज.

माढ्याचा_शेतकरी :
मी त्या गावचा नाही पण सीनाकाठचाच आहे. वाचून राग आला, खोटं कशाला बोलू. पहिल्या आठवड्यात काय लागतं ते सांगतो, लिहून घ्या. प्यायचं पाणी, कारण सगळीकडं पाणीच पाणी आणि विहिरीत गाळ, मोटर वाहून गेलेली, प्यायला थेंब नाही. काडेपेटी. बॅटरी. मोबाईल चार्ज करायची सोय, कारण मुंबईच्या पोराला आपण जिवंत आहोत एवढं तरी कळवायला पाहिजे ना. फावडी, घमेली, खराटे, घरात गुडघ्याएवढा गाळ असतो आणि तो वाळला की खणून काढावा लागतो. आणि वैरण. माणसाला सगळे देतात, गुरांना कोण देत नाही. एकानं ट्रॅक्टरभर उसाचं वाडं आणून टाकलं आणि गेला, त्याचं नाव पण मी विचारलं नाही, अजून आठवण येते त्या माणसाची. जुने कपडे मात्र नका पाठवू बाबांनो, आमच्या स्टँडवर ढीग पडला, पावसात भिजला, वास सुटला, शेवटी आम्हीच उचलून जाळला. शेतातली वरची माती खरवडून गेली, खाली मुरूम उघडा पडलाय, तो पाहत उभा असताना कोण हलगी घेऊन आला असता तर मी पण तेच बोललो असतो.

कडकभाकरी :
दादा, वैरणीचं अगदी खरं आहे, ते आमच्या पण उशिरा लक्षात आलं. आम्ही शेळगीकडच्या एका गल्लीतल्या बायका, नाटक गाणं काही येत नाही, भाकरी येतात. पहिल्या दिवशी कुणीतरी म्हणालं पुरीभाजीची पाकिटं करू, मी म्हटलं दुपारपर्यंत आंबेल, कडक भाकरी करा. ज्वारीची पातळ थापायची, तव्यावर भाजून मग निखाऱ्यावर पार खडखडीत वाळवायची, महिनाभर काही होत नाही, सोबत शेंगाचटणी, चुलीची गरज नाही ताटाची गरज नाही. आपल्या सोलापूरची ही गोष्ट पुरासाठीच केल्यासारखी आहे. बायका आपापल्या घरनं पीठ घेऊन आल्या, कुणाला वर्गणी मागितली नाही.

कपड्यांबद्दल थोडं लिहिते कारण मला ते फार लागतं. मुलीनं मला दिल्लीच्या गूंज संस्थेची माहिती वाचून दाखवली होती, १९९९ला सुरू झालेली. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत रस्त्याकडेला असेच कपड्यांचे ढीग पडले होते, ते त्यांनी उचलले, निवडले, वापरण्यासारखे केले. त्यांची पद्धत अशी की कपडा भीक म्हणून द्यायचा नाही, गावानं आपल्यासाठी विहीर साफ करायची, रस्ता करायचा, बांध घालायचा, आणि त्या कष्टाचा मान म्हणून कपडा घ्यायचा. सुती कपड्यातनं पाळीसाठीच्या घड्या पण करतात. पुरात हा विषय कुणी काढत नाही, पुरुष यादी करतात, त्यात बिस्किटाचे चार प्रकार असतात आणि हे नसतं. दुसऱ्या फेरीला मी स्वतः गेले आणि बायकांना बाजूला घेऊन पिशव्या दिल्या, तर एक सूनबाई माझा हात धरून उभीच राहिली, चार दिवस ती ओल्या साडीचा तुकडा वापरत होती.

सीनेचा_गाळ :
ताई, आमच्या दोन्ही फेऱ्यांत हे नव्हतं. आमच्यात पाच मुली आहेत तरी नव्हतं. लिहून ठेवलं.

किल्लारी९३ :
मी निवृत्त नर्स आहे, वय झालंय, टायपिंगला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

३० सप्टेंबर १९९३ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून गावं दमून झोपली होती, चारच्या सुमाराला भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद, आत्ताचं धाराशिव, दोन्हीकडं मिळून दहा हजाराच्या आसपास माणसं गेली. भूकंप जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानानं फार मोठा नव्हता, पण घरं माळवदाची, जाडजूड दगडाच्या भिंती मातीत रचलेल्या आणि डोक्यावर मातीचं ओझं, भिंत सुटली की सगळं अंगावर. सोलापुरात जखमींची रीघ लागली, ट्रकमधनं, जीपमधनं, वॉर्ड भरले, व्हरांडे भरले, जमिनीवर गाद्या टाकल्या. शहरातली माणसं आपणहून आली, रक्त द्यायला रांग, डबे, चादरी. चादरी तर सोलापूरकरांनी इतक्या आणल्या की गादीवर घालायला कमी पडल्या नाहीत.

आता तुमच्या प्रश्नाचं. तिसऱ्या का चौथ्या रात्री मी ड्युटीवर होते. एका बाईचा पाय प्लास्टरमध्ये, दोन मुलं गेलेली. तोपर्यंत ती रडली नव्हती, बोलली नव्हती, डॉक्टर विचारायचे तर नुसती छताकडं बघायची. त्या रात्री ती हळू आवाजात ओवी म्हणायला लागली, जात्यावरची, आणि ओवीत मुलांची नावं घालत गेली. शेजारच्या गादीवरच्या म्हातारीनं पुढची ओळ उचलली, तिच्या ओवीत तिचा नातू. मग तिसरी. वॉर्डमधले दिवे मंद होते, मी सलाईन बदलत होते, मला कुणाला गप्प करावंसं वाटलं नाही, सिस्टर इनचार्ज आल्या त्या पण दारातच उभ्या राहिल्या. पहाटेपर्यंत चाललं. सकाळी ती बाई पहिल्यांदा चहा प्याली.

ते गाणं कुणी टेम्पोतनं आणलं नव्हतं बाळा, ते त्यांच्याजवळच होतं. तुम्ही हलगी नेली ती तुमची होती. एवढाच फरक मला दिसतो. तुम्ही वाईट केलं असं मी म्हणणार नाही.

अजून एक. पुढं ५२ गावं नव्या जागी पूर्ण नवीन बांधली. पक्की घरं झाली, पण बऱ्याच ठिकाणी आखणी शहरातल्या कॉलनीसारखी, सरळ रेघा, आपलं गाव गल्लीनं भावकीनं बसलेलं असतं ते मोडलं, बैल कुठं बांधायचा, कडबा कुठं रचायचा याला जागा नाही. बायकांना कोण विचारणार. नंतर जिथं घरं जागच्या जागी दुरुस्त करायची होती तिथं स्वयं शिक्षण प्रयोग नावाच्या संस्थेनं गावातल्याच बायकांना संवाद सहायक केलं, भिंतीला मजबुती कशी द्यायची, पैशाचा हप्ता कधी येतो हे त्या घरोघर समजावून सांगायच्या. मुलांसाठी भारतीय जैन संघटनेनं सुमारे बाराशे मुलं पुण्याला वाघोलीला शिकायला नेली, आणि राष्ट्र सेवा दलाच्या माणसांनी इथं नळदुर्गला आपलं घर उभं केलं. दोन्हीकडं मुलं भाकरीबरोबर शाळेत पण बसली.

बार्शीलाईट :
सिस्टर, तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं.

मला एक गोष्ट जोडायचीये, कारण "मदत वेगळी नाटक वेगळं" हे आपल्याच भागातल्या माणसांनी फार पूर्वी खोटं ठरवलंय. १९४३ला बंगालमध्ये दुष्काळ पडला, त्याच वर्षी मुंबईत इप्टा ही नाटकवाल्या कलावंतांची संघटना सुरू झाली, आणि बंगालची कलापथकं देशभर फिरून गाणी नाच करून भुकेल्यांसाठी पैसे धान्य गोळा करत होती. पृथ्वीराज कपूर नाटक संपलं की दारात झोळी पसरून उभे राहायचे. आणि आपले अमर शेख, बार्शीचे, मूळ नाव मेहबूब पटेल, गिरणीत काम केलेला माणूस, १९४४ला अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढलं आणि पुढं संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या आवाजावर मैदानं भरायची. साने गुरुजी घ्या, पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून १ मे १९४७ला त्यांनी पंढरपुरात उपोषण धरलं, दहा दिवस चाललं, पण त्याआधी कित्येक महिने ते सेवा दलाच्या कलापथकाबरोबर महाराष्ट्र फिरत होते, गावोगाव विहिरी खुल्या करून घेत. उपोषणाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, आधी पोरापोरींनी गाऊन गाऊन जमीन नांगरली ती कुणी सांगत नाही.

पण बघा, बंगालसाठीची गाणी उपाशी माणसासमोर म्हटली नाहीत, ज्याच्या घरात दाणे होते त्याच्यासमोर म्हटली. सीनेचा_गाळ, तुमची हलगी पहिल्या आठवड्यात गावात नको होती, ती इथं शहरात, नवी पेठेत आणि टिळक चौकात पाहिजे होती. ज्याचं वाहून गेलं नाही त्याला हलवायला.

पूर्वभागातला :
वा सर. हे डोक्यात बसलं.

माझं थोडं वेगळं आहे. मी सोलापूरच्या पूर्व भागातला, घरात तेलुगू, आई बिडी वळते, आता कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत राहतो, दहा हजार घरांची वसाहत, बिडी कामगार बायकांनी लढून मिळवलेली, २००६ला चाव्या मिळाल्या. मी लहान असताना आमच्या गल्लीत आरोग्यावर पथनाट्य आलं होतं, छान होतं, पण पूर्ण मराठीत आणि सकाळी अकराला. आता सकाळी अकराला बिडीवाली बाई उठून येईल का? हजार बिड्या झाल्याशिवाय मजुरी नाही, पान भिजवलेलं असतं, ते वाळलं तर वाया, वर कारखान्यात छाट काढली, म्हणजे खराब म्हणून बाजूला टाकल्या, की तेवढ्या बिड्या गेल्या. तर आई आणि मावशी मांडीवर सूप घेऊन ओट्यावर बसल्या होत्या आणि नाटकवाले चौकात होते. नंतर एक कार्यकर्ते आम्हाला म्हणाले की तुमच्या बायकांना जागृती नको असते. मला ते अजून टोचतं, वीस वर्षं झाली.

आपल्याच गावचे डॉ. कोटणीस बघा. भैय्या चौकात त्यांचं घर आहे, स्मारक केलंय. १९३८ला पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, इथं लोकांनी पैसे जमवून पाठवलेलं, त्यात हा सोलापूरचा २७ वर्षांचा मुलगा. तिथं तो चिनी शिकला, त्याच भाषेत शिकवायला लागला, तिथंच राहिला आणि १९४२ला तिथंच गेला. तर चीनची भाषा शिकणारा माणूस आपल्या गावात झाला आणि आपल्याला इथल्या इथं पूर्व भागातल्या साखर पेठेपर्यंत जायला तेलुगू येत नाही. सोलापुरात काम करायचं तर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू, चार भाषांतली माणसं गटात पाहिजेत, आणि नाटक ओट्यापर्यंत गेलं पाहिजे, तिच्या हाताला काम चालू असताना तिला बघता आलं पाहिजे.

हिशोबवाला :
भावनेच्या गोष्टी चालू आहेत त्यात कागदाची गोष्ट घालतो, पण ही पण काळजीपोटीच आहे. तुमची संस्था नोंदलेली नाही आणि तुम्ही लोकांकडून पैसे घेताय. गणेश मंडळं वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयातनं कलम ४१ क ची परवानगी घेतात, तशीच तुम्हाला पण लागते, अर्ज करा, फार अवघड नाही. पैसे एखाद्याच्या खासगी खात्यावर घेऊ नका. प्रत्येक फेरीचा जमाखर्च गावात कागदावर लावून या, किती आले किती लागले, डिझेल किती. लोकांना मदत घेताना जो कमीपणा वाटतो तो हिशोब दिसला की थोडा कमी होतो, हे मी बघितलंय. आणि किट देतानाचे फोटो बंद करा. पोतं भरलेलं फोटोत दाखवा, माणूस नको.

किल्लारी९३ :
हिशोबवाल्यांना अनुमोदन. आणि शिबिराचं मोजमाप पण ठेवा. आपत्तीतल्या मदतीसाठी स्फिअर म्हणून मानकं आहेत, आमच्या वेळी नव्हती, १९९७ला ते काम सुरू झालं. माणशी दिवसाला निदान पंधरा लिटर पाणी, वीस माणसांमागं एक संडास, निजायला माणशी साडेतीन चौरस मीटर जागा. शाळेत दोनशे माणसं आणि दोन संडास असतील तर आधी तिथं बोला, गाणी नंतर.

सेटलमेंटकर :
मी सेटलमेंट भागातला. ज्यांना नाव माहीत आहे पण इतिहास माहीत नाही त्यांच्यासाठी, इंग्रजांनी १८७१ला सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्यानं आमच्या जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरी लावली, सोलापुरातल्या गिरण्यांत काम करायला बाहेर सोडायचे आणि परत आत. ३१ ऑगस्ट १९५२ला तो कायदा गेला, म्हणून आम्ही तो दिवस स्वातंत्र्याचा मानतो. कुंपण गेलं पण चोरी झाली की आधी आमच्याकडं गाडी येते ते चालूच आहे.

अहमदाबादला छारानगरात आमच्यासारखीच छारा जमात आहे, तिथल्या पोरांनी १९९८ला बुधन थिएटर काढलं. बंगालमध्ये बुधन सबर नावाचा माणूस पोलिस कोठडीत मेला, त्यावर पहिलं नाटक, म्हणून ते नाव. गणेश देवी आणि महाश्वेता देवी पाठीशी होते पण नाटक करणारी पोरं वस्तीतली. तिथं वाचनालय आहे, पोरं शिकली, वकील झाली, पत्रकार झाली. आम्हाला आजवर लै लोकांनी मदत दिली, ब्लँकेट, वह्या, पण आमची गोष्ट आम्हाला कुणी सांगू दिली नाही, आमच्यावर नाटक करणारे पण बाहेरचेच.

म्हणून सांगतो, दुसऱ्यासाठी नाटक करू नका, त्यांच्याबरोबर करा. ब्राझीलच्या ऑगस्टो बोआल यांची एक पद्धत आहे, बंगालमध्ये जन संस्कृती नावाचा गट १९८५पासून खेड्यापाड्यात ती वापरतो. नाटक अन्यायाच्या जागी आणून थांबवायचं, आणि बघणाऱ्यांना विचारायचं की ही बाई आता काय करू शकते, ज्याला सुचेल त्यानं पुढं येऊन तिच्या जागी उभं राहून करून दाखवायचं, समोरचा नट सहजासहजी हार मानत नाही. भाषण नाही, उत्तर नाही, गावच एकमेकाला उत्तरं देतं. आम्ही दोनदा करून बघितलं. पोलिस घरी येतो त्या सीनला पहिल्यांदा कुणी उठलं नाही, मग एक सोळा वर्षाची पोरगी उठली आणि तिनं वॉरंट मागितलं. सगळी वस्ती गप्प. मग तिच्या आजीनं विचारलं, "वॉरंट म्हणजे काय गं?" आणि तिथनं दोन तास बोलणं चाललं, शेवटी एका वकील ताईंना बोलवायचं ठरलं, त्या आता महिन्याला येतात.

माढ्याचा_शेतकरी :
हे वाचून जरा थांबलो. आमच्याकडं असंच झालं होतं, पंचनाम्याच्या वेळी. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक आले, घाईत होते, त्यांच्यावर पण लोड होता. आमच्या शेजारी एक विधवा आहे, जमीन अजून सासऱ्याच्या नावावर, सासरा जाऊन सहा वर्षं झाली, वारसनोंद केलेली नाही, दीर म्हणतो करू करू. तिची पेरणी, तिचे कष्ट, वाहून गेलं तिचं, आणि मदत कुणाच्या खात्यावर जाणार? ती घराच्या दारात उभी होती, बोलली नाही. मी पण बोललो नाही. दीर माझा मित्र आहे. हे मी आज पहिल्यांदा कुठं लिहितोय.

कडकभाकरी :
दादा, लिहिलंत ते बरं केलंत. आमच्या गल्लीतल्या दोघींचं हेच आहे, नवरा गेला, सातबाऱ्यावर नाव नाही. पूर आला म्हणून तुमच्या गावात दिसलं, इथं पूर नाही तर दिसत पण नाही.

सीनेचा_गाळ :
मी काल सगळ्या ग्रुपला हा धागा वाचायला लावला. माढ्याचा_शेतकरी काका, तुम्ही लिहिलेला तो दारातला सीन, नाव गाव सगळं बदलून, आम्ही बसवू का? तुम्ही नको म्हणालात तर नाही बसवणार.

माढ्याचा_शेतकरी :
रात्रभर विचार केला. बसवा. पण आमच्या गावात आधी करू नका, तिला सगळे ओळखतील आणि बोल तिलाच लागंल. दुसऱ्या तालुक्यात करा, मी बघायला येतो. आधी मी तिला विचारतो, ती हो म्हणाली तर मग आमच्या गावचं बघू. आणि दुपारी करू नका, सध्या सगळे रानात असतात, संध्याकाळी धारा काढून झाल्या की देवळापुढं माणसं बसतात. मुरमावर गाळमाती भरायचं काम चाललंय, तुमची पोरं सकाळी आली आणि चार घमेली उचलली तर संध्याकाळी लोकं आपणहून थांबतील.

सीनेचा_गाळ :
येतो काका, अकराच्या अकरा येतो. कडकभाकरी ताई सोबत येतायत, त्यांनी सांगितलंय जेवण गावावर टाकायचं नाही. पूर्वभागातला दादानं तेलुगू आणि कन्नड बोलणारे दोघं जोडून दिलेत, ते पुढच्या रविवारपासून तालमीला येतील. सेटलमेंटकर, नाटक मध्येच थांबवून लोकांना विचारणारा जो असतो, त्याचं काम आमच्यात कुणालाच जमेना, सगळे स्वतःच उत्तर देऊन टाकतात. तुमची ती वॉरंट मागणारी मुलगी येईल का आम्हाला शिकवायला?

सेटलमेंटकर :
विचारलं. येते म्हणाली. तिची बारावीची परीक्षा झाली की. आणि हलगी पण वाजवते ती.